प्लीहा : एक अवयव आणि एक शब्द

इंग्रजी ग्रंथांचें मराठींत भाषांतर करणाऱ्यास जे शब्द वरून सोपे दिसतात आणि ऐन वेळीं अडवितात, त्यांत 'स्प्लीन' हा एक आहे. कोश उघडला तर त्यापुढें पहिला अर्थ प्लीहा किंवा पानथरी असा सांपडतो, आणि त्याच्या शेजारींच चिडखोरपणा, मनांत धरलेला राग, उदासीनता असे दुसरे अर्थ दिलेले असतात. वर्गांतील एखादा चलाख विद्यार्थी येथें साहजिकच विचारतो कीं, पोटाच्या डाव्या बाजूस असलेल्या मांसपिंडाचा आणि रागाचा संबंध काय? हा प्रश्न पोरकट नाहीं. त्याचें उत्तर देण्यासाठीं भाषाशास्त्र आणि वैद्यक या दोहोंच्या इतिहासांत शिरावें लागतें. आणि शेवटीं इंग्रजी अमदानींतील एका फौजदारी खटल्यापर्यंत जावें लागतें, कीं जेथें या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच प्रसंगांत समोरासमोर उभे राहिले. तेवढा मार्ग वाचकांस दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शब्दाचें कूळ

संस्कृतांत मूळ शब्द 'प्लीहन्' असा नकारान्त व पुल्लिंगी आहे. 'प्लीहा' हें त्याचें प्रथमेचें एकवचन. 'राजन्' पासून 'राजा' व्हावें तसेंच हें रूप होय. मराठीनें मात्र आकारान्त रूप पाहून त्यास स्त्रीलिंगी मानलें, आणि आपण 'प्लीहा वाढली' असें बोलतों. उणादिसूत्रांत श्वन्, उक्षन्, पूषन्, मूर्धन्, मज्जन् इत्यादि शब्दांच्या पंक्तींत 'प्लीहन्' हा शब्द निपातनानें सिद्ध केला असून, टीकाकार त्याचा संबंध 'प्लिह' या गत्यर्थक धातूशीं जोडतात. अवयवाच्या स्वरूपावर या व्युत्पत्तीनें फारसा प्रकाश पडत नाहीं. शब्दाचें खरें कूळ तुलनात्मक भाषाशास्त्रानेंच उलगडतें.

ग्रीक भाषेंत याच अवयवास 'स्प्लेन्', लॅटिनमध्यें 'लिएन्', अवेस्तेच्या भाषेंत 'स्पॅरॅझन्', व आजच्या फारसींत 'सिपुर्झ' म्हणतात. हे सर्व आपल्या 'प्लीहन्'चे सगोत्र होत. ग्रीक व इराणी शब्दांच्या आरंभींचा सकार संस्कृतांत दिसत नाहीं, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. संस्कृतांतच एकीकडे 'स्पश' म्हणजे हेर आणि दुसरीकडे 'पश्यति', किंवा वेदांतील 'स्तृभिः' आणि नंतरचा 'तारा', अशा जोड्या आढळतात, व त्यांत सकार कधीं राहतो, कधीं गळतो. लॅटिन शब्दानें तर सकार व पकार दोन्ही टाकले आहेत. इंग्रजी 'स्प्लीन' हा ग्रीक शब्द लॅटिन व जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारें तेथें आला. तात्पर्य, 'प्लीहा' आणि 'स्प्लीन' हे शब्द एकाच घरचे आहेत. एकाच घरच्या दोन मुलांनीं इतके निराळे स्वभाव कोठून घेतले, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडील परंपरा

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील यक्ष्मनाशनाच्या सूक्तांत यकृताचा उल्लेख आहे, प्लीहेचा नाहीं. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडांत तेंच सूक्त विस्तारानें आलें असून, तेथें हृदय, क्लोम, यकृत् यांच्या जोडीस प्लीहाही आहे. म्हणजे पशूच्या व मनुष्याच्या पोटांतील हा अवयव त्या काळीं नांवानें निराळा ओळखला जात होता.

याच वेदाच्या तिसऱ्या कांडांत एक वशीकरणाचें सूक्त आहे. त्यांत कामाच्या बाणाचा परिणाम सांगतांना तो प्लीहेस सुकवून टाकतो, असें म्हटलें आहे. मनोविकाराचा आघात या अवयवावर होतो, अशी कल्पना आपल्याकडेही एकदां उगवली होती, याचें हें निःसंशय प्रमाण आहे. परंतु ती वाढली नाहीं. पुढील संस्कृत काव्यांत विरहानें हृदय जळतें, गात्रें शिणतात. पण प्लीहा सुकल्याचें वर्णन ही काव्यांतील रूढि झाली नाहीं. अमरकोशांत हा शब्द मनुष्यवर्गांत येतो आणि 'गुल्म' हा त्याचा पर्याय दिला आहे. वैद्यकांत मात्र गुल्म हा पोटांतील गांठीचा एक निराळा रोग होय. कोशकार आणि वैद्य यांच्यांतील हा भेद जुने ग्रंथ वाचणाऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

कल्पना कां वाढली नाहीं, याचें कारण आयुर्वेदाच्या रचनेंत आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानांत यकृत् व प्लीहा हीं दोन्हीं रक्तापासून उत्पन्न होतात असें सांगितलें असून, हृदयाच्या खालीं डावीकडे प्लीहा व उजवीकडे यकृत् असें त्यांचें स्थानही दिलें आहे. अन्नाचा रस या दोन अवयवांत पोंचला म्हणजे त्यास लाल रंग चढतो, आणि तो रंग देणाऱ्या पित्तास 'रंजक' हें नांव आहे. चरकानेंही रक्तवाही स्रोतसांचें मूळ यकृत् व प्लीहा हेंच सांगितलें आहे. म्हणजे आपल्या शास्त्रांत प्लीहा हें रक्ताचें घर आहे. दोष तीनच, वात, पित्त आणि कफ. आणि या तिघांपैकीं एकासही प्लीहा हें खास निवासस्थान म्हणून मिळालेलें नाहीं.

रोग मात्र पूर्ण परिचयाचा होता. आठ प्रकारच्या उदरांत 'प्लीहोदर' हें एक. त्यांत प्लीहा प्रथम कठीण होते आणि वाढतां वाढतां कासवाच्या आकाराची हातास लागते, हें चरकाचें वर्णन ज्यानें वाढलेली पानथरी चांचपून पाहिली आहे त्यास तंतोतंत पटेल. कारणें सांगतांना चरक जेवणानंतरची दगदग, वाहनांतील हिसके, ओझें, चाल, रोगानें आलेली कृशता अशीं देहाचींच कारणें सांगतो. क्रोध किंवा शोक त्या यादींत नाहीं. उपाय म्हणजे रोहीतक, शरपुंखा इत्यादि औषधी, आणि डाव्या हाताच्या कोपराच्या आंतील शिरेचा वेध. ज्या शरपुंखेस आपण उन्हाळी म्हणतों, तिला संस्कृतांत 'प्लीहशत्रु' असेंच नांव पडलें.

ग्रीकांचा चौथा दोष

ग्रीसमध्यें गोष्ट निराळी झाली. हिपोक्रातिसाच्या नांवावर असलेल्या ग्रंथांपैकीं मनुष्यस्वभावावरील प्रबंधांत शरीरांतील चार रस सांगितले आहेत : रक्त, कफ, पिंवळें पित्त आणि काळें पित्त. काळ्या पित्तास ग्रीक नांव 'मेलाइना खोले', आणि 'मेलँकोली' हा शब्द त्यापासूनच झाला. रक्ताचें, कफाचें व पिंवळ्या पित्ताचें स्थान दाखविणें सोपें होतें. काळ्या पित्तास घर हवें होतें, आणि तें प्लीहेच्या काळसर रंगानें मिळवून दिलें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गालेनानें या मतास पक्कें स्वरूप दिलें : यकृतांत रक्त तयार होतांना जो जड, मातकट गाळ उरतो तो प्लीहा ओढून घेते; ती दुबळी झाली म्हणजे तो गाळ शरीरभर पसरून मनुष्य खिन्न, संशयी व चिडखोर होतो.

सर्व ग्रीकांचें यावर एकमत होतें असें नाहीं. प्लेटोनें 'तिमायस' या संवादांत यकृतास आरशाची व प्लीहेस तो आरसा पुसण्याच्या फडक्याची उपमा दिली. एरासिस्त्रातस या वैद्यास तर हा अवयव निरुपयोगी वाटे, आणि त्याबद्दल गालेनानें त्यास कठोर शब्दांत झोडपलें आहे. तरी पुढील सुमारें दीड हजार वर्षें यूरोपांत गालेनाचेंच राज्य चाललें.

ही केवळ कल्पनेची भरारी होती काय? तसें म्हणतां येत नाहीं. 'हवा, पाणी आणि स्थळें' या हिपोक्रातिक ग्रंथांत दलदलीचें सांचलेलें पाणी पिणाऱ्या लोकांच्या प्लीहा मोठ्या व कठीण असतात, पोट ताठ असतें आणि खांदे व चेहरा यांवरील मांस झडून जातें, असें लिहिलें आहे. आज हें चित्र पाहणारा कोणीही तें हिंवतापाचें आहे हें ओळखील. वारंवार हिंवताप येणारा मनुष्य निस्तेज, निरुत्साही व किरकिरा होतो, आणि त्याची प्लीहा वाढलेली असते. गालेनही चातुर्थिक ज्वराचा संबंध काळ्या पित्ताशींच जोडतो. डब्ल्यू. एच. एस. जोन्स या इंग्रज पंडितानें इ. स. १९०९ मध्यें हिंवताप आणि ग्रीक इतिहास यांवर ग्रंथ लिहून या संबंधाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. पाहणें खरें होतें. त्यावरून बांधलेलें अनुमान चुकीचें होतें. प्लीहेनें खिन्नता आली नव्हती. एका तिसऱ्याच कारणानें दोन्ही आलीं होतीं.

हास्याचें घर आणि खिन्नतेचें घर

आणखी एक मौज अशी कीं, याच अवयवास हास्याचें स्थानही मानलें जाई. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें, अतिशय हंसणें हें प्लीहेच्या आकारावर अवलंबून असतें, असें कित्येकांचें मत नोंदविलें आहे. यहुद्यांच्या तालमूद ग्रंथांतही, कोणता अवयव काय करतो हें सांगतांना, प्लीहेकडे हंसणें दिलें आहे. याची संगति अशी लावीत कीं, प्लीहा सशक्त असली तर काळा गाळ नीट शोषला जातो आणि मन मोकळें होऊन हंसूं येतें. शेक्सपियरच्या नाटकांत त्यामुळें हा शब्द कोठें खदखदून हंसण्याच्या, तर कोठें विषारी रागाच्या अर्थानें येतो. त्याच्या भाषांतरकारानें दरवेळीं एकच मराठी प्रतिशब्द घालून चालणार नाहीं.

इंग्लंडांत इ. स. १६२१ मध्यें रॉबर्ट बर्टन याचा 'मेलँकोली'वरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. अठराव्या शतकांत तर 'स्प्लीन' हा सुखवस्तु लोकांचा जणूं मानाचा रोग झाला. अ‍ॅन फिंच या कवयित्रीचें याच नांवाचें काव्य १७०१ मध्यें, व मॅथ्यू ग्रीन याचें १७३७ मध्यें छापून निघालें. पोपनें आपल्या विनोदी महाकाव्यांत 'स्प्लीन'ची एक गुहाच कल्पिली. वैद्य रिचर्ड ब्लॅकमोर यानें १७२५ मध्यें यावर प्रबंध लिहिला, आणि जॉर्ज चेनी यानें १७३३ मधील आपल्या ग्रंथास 'इंग्रजांची व्याधि' असेंच नांव दिलें. फ्रेंचांनीं पुढें हा शब्द इंग्रजीमधून उसना घेतला, पण राग सोडून केवळ कंटाळलेली उदासीनता तेवढी ठेवली. बोदलेरच्या १८५७ मधील काव्यसंग्रहांत या एकाच नांवाच्या चार कविता आहेत. मूळ ग्रीक शब्द लॅटिनमधून फ्रेंचांत, तेथून इंग्रजींत, आणि नवा अर्थ घेऊन पुन्हां फ्रेंचांत, असा हा फेरा झाला.

आपल्या बोलींत काय उरलें

गालेनाचें वैद्यक अरबांनीं घेतलें व तें युनानी या नांवानें हिंदुस्थानांत आलें. काळ्या पित्तास अरबी शब्द 'सौदा', म्हणजे काळें. फारसींत व उर्दूंत त्याचा अर्थ वेड, ध्यास असा झाला, आणि अठराव्या शतकांतील प्रसिद्ध उर्दू कवि मिर्झा महंमद रफी यानें 'सौदा' हेंच टोपणनांव घेतलें. मराठींतील देवघेवीचा सौदा तो हा नव्हे. परंतु याच शास्त्राचा एक शब्द मराठींत चांगला रुजला आहे. अरबी 'मिझाज' म्हणजे मिश्रण, अर्थात् शरीरांतील चार रसांचें मिश्रण, आणि त्यावरून प्रकृति व स्वभाव. तोच आपला 'मिजास'. इंग्रजी 'टेंपर' या शब्दाच्या मुळाशींही लॅटिन भाषेंतील योग्य प्रमाणांत मिसळण्याचाच अर्थ आहे. मिजास करणाऱ्या गृहस्थास आपण नकळत गालेनाच्या भाषेंत बोलत असतों.

बाकी मराठी बोलीनें मनोविकार शरीरभर वांटून ठेवले आहेत. रागानें पित्त खवळतें, तळपायाची आग मस्तकास जाते. दुसऱ्याचें बरें पाहून पोटांत दुखतें. दुःखानें आंतडें पिळवटतें. भीतीनें काळजाचें पाणी होतें. या सर्व मंडळींत पानथरीस जागा मिळाली नाहीं. ती बिचारी केवळ वाढते, म्हणजे केवळ रोग आहे. उलट चिनी भाषेंत स्वभावास, विशेषतः तापट स्वभावास, 'पी-ची' म्हणजे प्लीहेचा प्राण असा शब्द रूढ आहे. कारण तेथील वैद्यकानें प्लीहेस मनोव्यापारांत स्थान दिलें. यावरून एक नियम निघतो. अवयव सर्वत्र तोच, रोगही बहुधा तोच. पण भाषेंत जो अर्थ उतरतो तो अवयवापासून येत नसून त्या देशाच्या वैद्यकशास्त्रापासून येतो. शास्त्र मरतें आणि वाक्प्रचार मागें उरतो.

आजचें शास्त्र काय सांगतें तेंही पाहूं. प्रौढ मनुष्याची प्लीहा सुमारें १२ सेंटिमीटर लांब व सुमारें १५० ग्रॅम वजनाची असून ती डाव्या बाजूच्या नवव्या ते अकराव्या बरगड्यांच्या आड असते. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. जीर्ण झालेल्या पेशी गाळून मोडणें हें तिचें एक काम, आणि रोगजंतूंविरुद्ध लढणाऱ्या पेशी सज्ज ठेवणें हें दुसरें. ती काढून टाकली तरी मनुष्य जगतो; मात्र कांहीं जंतूंचा संसर्ग त्यास प्राणघातक होऊं शकतो, म्हणून अशा रोग्यास लसी टोंचतात. रक्ताशीं तिचें नातें सांगणारे आपले जुने आचार्य दिशा चुकले नव्हते, एवढें येथें म्हणणें पुरे. त्याहून अधिक श्रेय त्यांच्या पदरीं ओढूनताणून घालण्याचें कारण नाहीं.

आग्र्याचा खटला

हिंवतापानें वाढलेली प्लीहा ठिसूळ असते आणि आघातानें फुटूं शकते. या गोष्टीस इंग्रजी अमदानींत एक भयंकर महत्त्व आलें. गोऱ्या मालकानें काळ्या नोकरास लाथ किंवा बुक्की मारावी, नोकर मरावा, शवपरीक्षेंत प्लीहा फुटल्याचें निघावें, आणि आरोपी किरकोळ दंडावर सुटावा, असे खटले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुनःपुन्हां झाले.

त्यांपैकीं सर्वांत गाजलेला आग्र्याचा. इ. स. १८७५ मध्यें एका रविवारीं फुलर नांवाचा इंग्रज वकील कुटुंबासह गाडींतून चर्चला निघाला होता. कटवारू नांवाच्या मोतद्दारास येण्यास उशीर झाला, म्हणून फुलरनें त्याच्या डोक्यावर व तोंडावर हातानें मारलें आणि केस धरून ओढलें. तो पडला, उठून शेजारच्या आवारांत गेला आणि थोड्याच वेळांत मेला. मरणाचें कारण प्लीहा फुटणें हें ठरलें. ती आधींच वाढलेली असल्यामुळें थोडा आघातही पुरेसा होता, असा वैद्यकीय अभिप्राय पडला. लीड्स नांवाच्या मॅजिस्ट्रेटनें केवळ दुखापतीचा गुन्हा धरून ३० रुपये दंड केला, आणि ती रक्कम मृताच्या विधवेस देवविली. १८७६ मध्यें व्हाइसरॉय लिटन यानें या निकालाबद्दल जाहीर नापसंती दर्शवून लीड्सवर ठपका ठेवला व एक वर्षपर्यंत त्यास वरिष्ठ जागा हंगामीही देऊं नये असें ठरविलें. त्यावर हिंदुस्थानांतील इंग्रजी वर्तमानपत्रांनीं व्हाइसरॉयवरच झोड उठविली.

येथें कायदा काय म्हणत होता तें पाहणें अगत्याचें आहे. इ. स. १८६० च्या दंडसंहितेच्या २९९ व्या कलमास जोडलेलें पहिलें स्पष्टीकरण असें कीं, आधींच रोगग्रस्त असलेल्या मनुष्यास इजा करून त्याचें मरण जवळ आणणारा त्याच्या मरणास कारण झाला असेंच समजावें. म्हणजे 'प्लीहा रोगट होती' हें उत्तर कायद्यास मान्य नव्हतें. पळवाट होती ती आरोपीच्या ज्ञानांत : मारणाऱ्यास मरणाची कल्पना नव्हती, असें म्हणावयाचें. पण हें अज्ञान खरें मानावें काय? १८४५ मध्यें सरकारनेंच कालव्यांच्या प्रदेशांतील रोगराईची चौकशी करण्यास बेकर, डेंप्स्टर व यूल यांची समिति नेमली होती. तींतील डॉक्टर डेंप्स्टर यानें गांवोगांवच्या लोकांचीं पोटें चांचपून किती जणांच्या प्लीहा वाढल्या आहेत याचें प्रमाण काढलें, आणि त्यावरून त्या त्या जागेचें रोगट हवामान मोजलें. याच समितींतील यूल पुढें बर्नेल याच्यासह रचलेल्या, १८८६ मधील 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशानें प्रसिद्ध झाला. लाव्हरां यानें हिंवतापाचा जंतु १८८० मध्यें पाहिला, आणि रॉस यानें डांसांतील त्याची वाढ १८९७ मध्यें सिकंदराबाद येथें दाखविली. त्याच्या कितीतरी आधीं, या देशांत वाढलेल्या प्लीहेचीं माणसें घरोघर आहेत हें सरकारच्या दप्तरीं नमूद होतें. जी गोष्ट कालवा खणतांना माहीत होती, ती नोकरास मारतांना माहीत नव्हती, असें न्यायासनापुढें मानलें गेलें.

या खटल्यांत आपल्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. साहेबाचा 'स्प्लीन' म्हणजे क्षणिक संताप. तो मनुष्यस्वभाव म्हणून क्षम्य ठरला. मोतद्दाराचा 'स्प्लीन' म्हणजे रोगट अवयव. तो मृत्यूचें कारण म्हणून पुरेसा ठरला. एकाचा स्वभाव आणि दुसऱ्याचें पोट यांच्यामध्यें जो हात उगारला गेला, त्याची किंमत ३० रुपये झाली. गालेनाचा सिद्धान्त त्या वेळीं वैद्यकांतून केव्हांच हद्दपार झाला होता. पण दोष अवयवावर टाकून मनुष्यास मोकळें करण्याची जुनी संवय न्यायालयांत जिवंत होती.

भाषांतरकारास या सर्वांतून एक व्यवहाराची सूचना घेतां येईल. 'स्प्लीन' हा शब्द जेथें स्वभावाचा वाचक असेल तेथें प्लीहेचें नांव मराठींत आणूं नये. राग असेल तेथें पित्त खवळूं द्यावें, द्वेष असेल तेथें पोटांत दुखूं द्यावें, खिन्नता असेल तेथें सरळ खिन्नता म्हणावें. आणि संशोधकांस एक विनंति आहे. प्लीहा फुटून झालेल्या मृत्यूंचे खटले आपल्याही प्रांतांतील जुन्या न्यायालयीन दप्तरांत आणि वर्तमानपत्रांच्या फायलींत शोधण्याजोगे आहेत. ज्यांच्या हातीं अशीं कागदपत्रें येतील त्यांनीं तीं तारखांसह आणि शक्य तेथें मृतांच्या नांवांसह प्रसिद्ध करावीं. फुलरचें नांव इतिहासग्रंथांतून आढळतें; कटवारूसारखीं नांवें मात्र बहुतेक दप्तरांतच पडून आहेत, आणि तीं तेथून बाहेर काढणें हें इतिहासमंडळांचेंच काम आहे.